जर आणि तर : इंग्रजीतील संकेतार्थी वाक्यांचा अभ्यास

मृगाचे ढग पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दिसू लागले, की आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापसाच्या पेरणीची तयारी सुरू होते. “पाऊस पडला तर पेरू” हे वाक्य त्या दिवसांत प्रत्येक घरी ऐकू येते; कुठे मराठीत, कुठे तेलुगूत, कुठे गोंडी, कोलामी अथवा लंबाडी बोलीत. शेतकऱ्याचे सारे जीवनच अशा ‘जर-तर’वर उभे असते. हेच वाक्य इंग्रजीत मांडताना मात्र विद्यार्थी अडखळतो आणि पुष्कळदा शिक्षकही अडखळतात.

या जिल्ह्याला भाषांची जवळीक नवी नाही. १९५६ मध्ये भाषावार राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले. उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चार जिल्हे झाले. तरीही मराठी बोलणारी असंख्य कुटुंबे तेथे आहेत. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबादच्या सेवेत असताना येथील गोंडांमध्ये काम केले आणि पुढे गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. परकी भाषा आपल्या भाषेशी ताडून पाहिली म्हणजे तिचे नियम ध्यानात राहतात. हाच मार्ग येथेही उपयोगी पडतो.

मराठी व्याकरणात ज्याला संकेतार्थ म्हणतात, त्यात एक गोष्ट घडली तरच दुसरी घडेल असा संबंध असतो. इंग्रजीत अशी वाक्ये ‘इफ’ या शब्दाने जोडतात. शालेय पुस्तकांत त्यांचे चार प्रकार शिकवले जातात.

पहिला प्रकार नेहमी सत्य असणाऱ्या गोष्टींचा. ‘इफ कॉटन गेट्स वेट, इट्स प्राइस फॉल्स.’ कापूस भिजला की भाव उतरतो. येथे दोन्ही उपवाक्यांत साधा वर्तमानकाळ असतो.

दुसरा प्रकार पुढे घडू शकणाऱ्या गोष्टींचा. ‘इफ इट रेन्स, वी विल सो कॉटन.’ येथेच पहिली चूक होते. मराठीत आपण “पाऊस पडला तर” म्हणतो. ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र भविष्याचा. त्यामुळे विद्यार्थी ‘इफ इट रेन्ड’ असे लिहितो. दुसरा विद्यार्थी अर्थ भविष्याचा आहे म्हणून ‘इफ इट विल रेन’ लिहितो. दोन्ही चुकीचे. ‘इफ’च्या उपवाक्यात वर्तमानकाळ आणि मुख्य उपवाक्यात ‘विल’, हा येथील नियम आहे. मराठीच्या ‘तर’साठी ‘देन’ शोधण्याचेही कारण नाही. बहुतेक वेळा तो शब्द गाळला जातो. तेलुगूत ‘पडिते’ या एकाच क्रियारूपात ‘जर’ व ‘तर’ दोन्ही सामावतात, हे उदाहरण द्विभाषिक वर्गात सांगितल्यास मुद्दा चटकन पटतो.

तिसरा प्रकार सध्या नसलेल्या स्थितीच्या कल्पनेचा. ‘इफ आय हॅड अ वेल, आय वुड ग्रो व्हीट.’ माझ्याकडे विहीर नाही. असती तर गहू घेतला असता. येथे ‘हॅड’ हे भूतकाळाचे रूप असले, तरी बोलणे आजचेच आहे.

चौथा प्रकार होऊन गेलेल्या, आता न बदलणाऱ्या गोष्टींचा. ‘इफ वी हॅड वेटेड, वी वुड नॉट हॅव लॉस्ट द सीड.’ थांबलो असतो, तर बियाणे वाया गेले नसते. पहिल्या सरीला पेरून पुढे पावसाने ओढ दिल्यावर दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसऱ्या व चौथ्या प्रकारांत मराठी माणसाचा गोंधळ होण्यास सबळ कारण आहे. “विहीर असती तर मी गहू घेतला असता” हे एकच मराठी वाक्य आजच्या स्थितीलाही लागू पडते आणि गेल्या वर्षालाही. इंग्रजीत मात्र ही दोन निराळी वाक्ये होतात. गेल्या वर्षाविषयी बोलायचे असल्यास ‘इफ आय हॅड हॅड अ वेल, आय वुड हॅव ग्रोन व्हीट’ असे म्हणावे लागते. म्हणून भाषांतरापूर्वी मराठी वाक्यात ‘आज’ अथवा ‘गेल्या वर्षी’ हे शब्द घालून पाहावेत. कोणता शब्द शोभतो, त्यावरून प्रकार ठरतो.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. बियाणे न उगवल्याची तक्रार इंग्रजीत लिहिताना कोणी ‘इफ द सीड वॉज गुड, इट विल स्प्राउट’ असे लिहिले, तर बियाणे चांगले होते की नव्हते हा प्रश्न खुलाच राहतो. ‘इफ द सीड हॅड बीन गुड, इट वुड हॅव स्प्राउटेड’ असे लिहिले, म्हणजे ते चांगले नव्हते हे लिहिणाऱ्याचे म्हणणे स्पष्ट होते. सदोष बियाण्याबाबत शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे. अशा वेळी नेमके वाक्य मोलाचे ठरते.

कापूस खरेदीची अटही संकेतार्थीच असते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत आर्द्रता असल्यास पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेचा कापूस घेतला जात नाही. ‘इफ द मॉइश्चर इज अबव्ह ट्वेल्व्ह पर सेंट, द सेंटर विल नॉट बाय द कॉटन.’ हे वाक्य वाचता आले, तर गाडी भरण्यापूर्वी कापूस वाळवण्याची बुद्धी होते.

‘अनलेस’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे. त्याच्या पोटातच नकार आहे. “सही केली नाही तर अर्ज घेतला जाणार नाही” याचे इंग्रजी ‘अनलेस यू साइन, द फॉर्म विल नॉट बी अक्सेप्टेड’ असे होते. ‘अनलेस यू डू नॉट साइन’ असे लिहिल्यास अर्थ नेमका उलटा होतो.

सरावासाठी पुढील चार वाक्यांचे इंग्रजी करून पाहावे : (१) बस चुकली तर मी चालत जाईन. (२) बस चुकली नसती तर मी वेळेवर पोहोचलो असतो. (३) आज माझ्याकडे सायकल असती तर मी रोज शाळेत गेलो असतो. (४) पाणी तापवले की त्याची वाफ होते.

उत्तरे : (१) इफ आय मिस द बस, आय विल वॉक. (२) इफ आय हॅड नॉट मिस्ड द बस, आय वुड हॅव रीच्ड ऑन टाइम. (३) इफ आय हॅड अ बायसिकल, आय वुड गो टू स्कूल एव्हरी डे. (४) इफ यू हीट वॉटर, इट टर्न्स इनटू स्टीम.

तेलंगणातील सरकारी शाळांत २०२२-२३ पासून टप्प्याटप्प्याने इंग्रजी माध्यम आणण्यात आले. ज्या मुलांच्या घरी मराठी अथवा गोंडी, गावात तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी आहे, त्यांना नियमांची घोकंपट्टी फारशी साथ देणार नाही. शिक्षकांनी रोज फळ्यावर गावातील एक ‘जर-तर’ लिहावा : पावसाचा, बाजाराचा, एसटीचा. मुलांनी प्रथम तो आपल्या बोलीत सांगावा, गोष्ट शक्य आहे, कल्पनेतील आहे की होऊन गेलेली आहे हे ठरवावे, आणि मगच इंग्रजीत लिहावा. कल्पना आणि वस्तुस्थिती यांतील अंतर ओळखणारा विद्यार्थी इंग्रजी तर शिकेलच, शिवाय कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी त्यातील ‘जर’ कोठे आहे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना दाखवूनही देईल.