सीपॅपच्या टाकीत कोणते पाणी घालावे?

प्रश्न : वडिलांना स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप मशीन दिले आहे. उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो, नाक चोंदते, म्हणून ते मध्यरात्री मास्क काढून ठेवतात. ह्युमिडिफायर लावावा का? त्यात बोअरचे पाणी चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ह्युमिडिफायर जरूर लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि हवा अगदी कोरडी असते. तीच हवा रात्रभर दाबाने नाकात गेली की आतली त्वचा सुकते, सुजते आणि नाक चोंदते. मग माणूस तोंडाने श्वास घेतो, तोंडावाटे हवा निसटते आणि घसा आणखी कोरडा पडतो. म्हणून मास्क नीट बसतो का, तोंड उघडे राहते का, हेही तपासून घ्या.

बोअरचे पाणी मात्र नको. आपल्याकडचे हे पाणी जड. त्यातले क्षार तापणाऱ्या तळाशी पांढऱ्या थराने बसतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. एखाद्या रात्री ते संपले, तर उकळून गार केलेले आरओचे पाणी चालेल. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्या, टाकी सौम्य साबणाने धुऊन वाळवा. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात.

थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला, तर ओलाव्याची पातळी कमी करा आणि मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा. वीज गेल्यावर मशीन बॅटरीवर चालवत असाल, तर हीटर बंद ठेवा. तोच जास्त वीज खातो.

हवेचा दाब मात्र स्वतः बदलू नका. एवढे करूनही नाक चोंदत राहिले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पण तोवर वडिलांना मशीनशिवाय झोपू देऊ नका.