लव्हेंडर आणि आपले रोशा गवत

लव्हेंडर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना साबणाच्या वेष्टनावरून ठाऊक असते. प्रत्यक्ष झाड मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ मुलखातले हे जांभळ्या फुलांचे झुडूप. ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याच्या नावाचा संबंध जोडतात, आणि त्याचे घरगुती उपयोगही त्याला साजेसेच आहेत. युरोपातील गृहिणी त्याची सुकी फुले कापडी पिशवीत भरून कपाटात ठेवीत, म्हणजे वस्त्रे सुवासिक राहत आणि कसरही दूर राही. त्याच्या तेलाचे दोन थेंब स्नानाच्या पाण्यात टाकीत, एखादा उशीच्या अभ्र्याला लावीत. आपल्याकडे हेच काम वाळ्याची जुडी व कापराची वडी करीत आली. आमच्या कोकणी घरी तर कपड्यांच्या पेटीत सुरंगीचा सुकलेला वळेसर असे. देश निराळे, गरज एकच.

हे सुगंधी तेल तिळाच्या तेलासारखे नव्हे. कागदावर तिळाच्या तेलाचा थेंब टाकला तर डाग कायम राहतो. शुद्ध सुगंधी तेलाचा बहुतांशी उडून जातो. म्हणूनच त्याला उडनशील तेल म्हणतात. फुले किंवा पाने पाण्याच्या वाफेत उकळली की वाफेबरोबर तेल निघते. ती वाफ थंड केली म्हणजे तेल पाण्यावर तरंगते व वेगळे काढता येते.

लव्हेंडरला थंड हवा मानवते. जम्मू प्रांतातील डोडा जिल्ह्यात भदरवाहच्या परिसरात अलीकडे त्याची शेती चांगली रुजली आहे. माळव्यातल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते सुखाने वाढेल, अशी आशा करू नये. परंतु म्हणून आपण सुगंधाला मुकलो असे मुळीच नाही. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने घाट उतरले की निमाड लागतो. तेथील डोंगरउतारांवर वाढणारे एक गवत साऱ्या जगाच्या गंधव्यापारात नाव मिळवून बसले आहे. ते रोशा गवत. मराठीत त्याला तिखाडी असेही म्हणतात, आणि वैद्यकात ते रोहिष या नावाने ओळखले जाते. आपल्या परसातील गवती चहाचे हे जवळचे भावंड. त्याच्या शास्त्रीय नावात लखनौच्या क्लॉड मार्टिन (१७३५–१८००) यांचे नाव गोवलेले आहे.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया व सोफिया. दिसायला दोन्ही इतके सारखे की नवख्याला भेद कळू नये. मोतिया उघड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतो, आणि त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. सोफिया ओलसर सखल जागी वाढतो व त्याचे तेल हलके समजतात. गवत फुलावर आले म्हणजे कापतात व भट्टीवर चढवितात. शंभर किलो ओल्या गवतातून साधारणपणे अर्धा किलोच तेल मिळते. त्या तेलात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात असते, आणि गुलाबाच्या अत्तरातही तेच एक प्रमुख द्रव्य आहे.

या साम्यातच एक बोधप्रद इतिहास दडला आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडचे हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई. तेथे त्याला तुर्की जिरॅनियमचे तेल असे नाव मिळाले आणि बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होऊ लागली. आपल्या रानातले गवत दुसऱ्याचे नाव घेऊन तिसऱ्याच्या बाटलीत शिरले! पुढे खुद्द रोशाच्या तेलातही घासलेट व टर्पेंटाइन मिसळणारे निघाले. ज्याने उन्हात गवत कापले, भट्टीपाशी रात्र काढली, त्याच्या प्रामाणिक मालाचाही भाव अशा भेसळीने पडतो.

आता उपयोगाविषयी दोन शब्द. लव्हेंडर असो वा रोशा, शुद्ध तेल पोटात घेऊ नये, डोळ्यांजवळ नेऊ नये, तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावे. अंगाला लावावयाचे असल्यास एक चमचा खोबरेल तेलात एक-दोन थेंब मिसळून प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे. रोशाचे असे तेल दुखऱ्या सांध्यांना चोळण्याची जुनी रीत आहे, आणि त्याच्या वासाने डासही काही वेळ दूर राहतात. बाटली गडद रंगाची असावी व बूच घट्ट असावे. कारण हवा लागून जुने झालेले लव्हेंडर तेल त्वचेला बाधते. विस्तवाजवळ तर ती ठेवूच नये. फ्रेंच रसायनज्ञ गॅटफॉसे १९१० मध्ये प्रयोगशाळेत भाजले असता त्यांनी लव्हेंडर वापरले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तथापि घरी कोणी भाजल्यास आधी थंड पाण्याची धार धरावी व वैद्याकडे न्यावे. तेलाचा प्रयोग करीत बसू नये.

विद्यार्थिमित्रहो, दूरदेशीच्या फुलाचे कौतुक अवश्य करावे. पण पायाखालच्या गवताची ओळखही ठेवावी. पावसाळा सरताना निमाडात जाल, तेव्हा मोतियाचे एक पाते चुरगाळून पाहा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. वस्तूला तिचे खरे नाव देणे आणि ते नाव निष्कलंक राखणे, हा ज्ञानाचा व व्यवहाराचाही पहिला धडा आहे, असे आम्हांस वाटते.