गोल आधी ऐकला, मग पाहिला

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे वर्ल्ड कप आला की पेठापेठांत मेसी-नेमारचे कटआउट उभे राहतात आणि मॅच बघायची ती तालमीत, एका टीव्हीसमोर पन्नास जणांनी दाटीवाटीनं मांडी घालून. मुंबईत नोकरीला लागल्यावर वाटलं, आता जरा थाटात बघू. 18 डिसेंबर 2022, रविवार. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आपल्या रात्री साडेआठला होती. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका पबमध्ये आम्ही चौघांनी टेबल धरलं, माणशी दोन हजार आगाऊ भरून. फोनवर मी एकच प्रश्न विचारला होता : स्क्रीन केवढी आहे?

स्क्रीन खरोखर भिंतभर होती. पण ती आणि आमचं टेबल यांच्यामध्ये गिरणीच्या काळातला बिडाचा खांब उभा होता. डावा गोल मला दिसायचा, उजवा समोरच्या मित्राला. तेही चाललं असतं.

तेविसाव्या मिनिटाला मेसी पेनल्टी घ्यायला उभा राहिला. पबमध्ये सगळे श्वास रोखून बसलेले, आणि मागच्या गल्लीतल्या चाळीतून एकदम आरोळी उठली. मेसीनं अजून पाऊलही उचललं नव्हतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मेसी धावला, गोल झाला आणि पब उशिरा ओरडला.

भानगड साधी होती. चाळीत केबल होती आणि पबवाल्यानं मॅच इंटरनेटवरून लावली होती. इंटरनेटवरचं चित्र लहान लहान तुकड्यांत कापून, थोडं साठवून मग दाखवतात. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. केबल किंवा डिशचं चित्रही मैदानापेक्षा थोडं मागे असतं, पण इतकं नाही.

पुढची रात्र आम्ही चाळीच्या आवाजावरच काढली. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमाराला तिकडून पाठोपाठ दोनदा ‘अरेरे’ आलं. मित्र म्हणाला, लाइट गेली असेल. लाइट नव्हती गेली, एम्बापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले होते. 2-2. जादा वेळेनंतर 3-3. शूटआउटमध्ये मोंतिएल शेवटची पेनल्टी घ्यायला चालत निघाला आणि चाळीत फटाक्यांची माळ लागली. आमच्या टेबलापाशी ट्रे घेऊन उभा असलेला वेटर हळूच म्हणाला, “झालं साहेब, जिंकली.” स्क्रीनवर मोंतिएल अजून बॉल ठेवत होता.

अर्जेंटिना छत्तीस वर्षांनी जगज्जेती झाली आणि मला ती बातमी फटाक्यांनी दिली.

मग बिल. सगळी टेबलं एकदमच उठली, त्यामुळे बिल यायला पाऊण तास लागला. बदलापूरच्या मित्राची शेवटची लोकल त्यात गेली आणि टॅक्सीचे पैसे आम्ही चौघांत वाटून घेतले.

त्यानंतर चार-पाच मोठ्या मॅच बाहेर बघितल्या. आता टेबल धरण्याआधी मी काय करतो, ते सांगतो.

आधी सिग्नल विचारा, स्क्रीन नंतर. त्याहून बरं म्हणजे आदल्या एखाद्या मॅचला तिथं चहा-कॉफीपुरतं जाऊन बसा आणि घरी फोन करा : “टीव्हीवर किती मिनिटं झाली?” स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ घरच्या टीव्हीच्या जितकं मागे, तितकं ते ठिकाण मागे. त्याच फेरीत कोणत्या टेबलावरून पूर्ण मैदान दिसतं तेही बघा आणि टेबल नंबर सांगूनच धरा.

मग वेळ बघा. चॅम्पियन्स लीगच्या बऱ्याच मॅच आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दीडला आणि एप्रिल-मेमध्ये साडेबाराला सुरू होतात. मुंबईतले बार दीडला बंद होतात. म्हणजे साडेबाराची मॅच मध्यंतराला आली की वेटर खुर्च्या उलट्या करायला लागतो. एकच्या सुमाराला शेवटची लोकल निघून गेलेली असते आणि पहिलीसाठी पहाटे चारपर्यंत थांबावं लागतं. अशी मॅच कुणाच्या तरी घरीच बघा, आणि तीही अशा मित्राच्या, ज्याच्या हॉलमध्ये चार गाद्या पडतील.

बिल सत्तराव्या मिनिटाला मागून चुकतं करा. आगाऊ रक्कम खाण्यापिण्यातून वळती होणार की नुसती प्रवेशाची, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगा, तो देणं सक्तीचं नाही.

आत गेल्यावर बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे ते बघा. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळलाच कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. दुसऱ्या दारासमोर खोके रचलेले दिसले, तर मॅच कितीही मोठी असो, मी परत फिरतो.

आणि शेजारी कोण बसणार ते विचारा. त्या रात्री आमच्या एका बाजूला ऑफिसची पार्टी होती आणि दुसऱ्या बाजूला वाढदिवस. एम्बापेच्या हॅट्‌ट्रिकच्या वेळी तिथं केक कापत होते. त्यांची काही चूक नव्हती, जागा आम्ही चुकीची निवडली होती. जिथं एखाद्या क्लबचे पाठीराखे नेहमी जमतात, तिथं स्क्रीन लहान असली तरी चालेल. तिथं ऑफसाइडवर वाद घालणारं कुणीतरी भेटतं.

गेल्या वेळी मी सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बसून मॅच बघितली. चौदा इंची टीव्ही, केबलची वायर आणि आम्ही सहा जण. गोल झाला तेव्हा पहिली आरोळी आमची होती.