पेनाचं टोपण काढण्याआधी

पोरी, नेमणुकीचा आदेश आला, उमापुरात पेढे वाटून झाले, आता जरा माझ्याजवळ बस. आदेशावर 'ग्राम महसूल अधिकारी' लिहिलंय. २०२४ मध्ये सरकारनं पदाचं नाव बदललं, पण पारावरची माणसं तुला तलाठीबाईच म्हणणार, त्यावर रुसू नकोस. मी तहसिलात कारकुनी करून निवृत्त झालो आणि तुझ्या बापाचा थोरला भाऊ आहे, तेव्हा चार गोष्टी सांगायचा माझा हक्क आहे. चाराहून जास्त झाल्या तरी ऐकून घे. परीक्षेसाठी तू याहून रुक्ष काय काय पाठ केलंस ते मी पाहिलंय.

परीक्षेत सचोटीचा प्रश्न चार पर्याय घेऊन येतो. कचेरीत तो संध्याकाळी, दप्तर आवरताना, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येतो, आणि 'एवढं आजच करून टाका' म्हणत येतो. चुकीची सही करणारी सगळी माणसं लबाड नसतात. थांबायची, लिहून ठेवायची आणि विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते. ती सवय पहिल्या महिन्यातच लावून घे. पुढं काम वाढतं आणि सवयीला जागा उरत नाही.

१. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा स्वतः सावकाश वाच — ऐकीव नियम सांगणाऱ्याच्या सोयीचा असतो.

२. अर्ज हातात पडला की त्याच दिवशी आवक नोंदवहीत घे आणि तारीख टाकून पोच दे — पोच दिली की विसरायची सोय राहत नाही. २००५ च्या बदल्या आणि दिरंगाईच्या कायद्यानं कुठलीच फाइल एका माणसाकडं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं सांगितलंय.

३. मागची तारीख कुणाच्याही प्रेमाखातर टाकू नकोस — एक खोटी तारीख सांभाळायला पुढच्या चार नोंदी खोट्या कराव्या लागतात.

४. कोऱ्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेऊन ठेवायच्या नाहीत, 'वेळ वाचतो' म्हणून तर मुळीच नाहीत — कोरा कागद, भरला खटला.

५. वरिष्ठांनी तोंडी काही सांगितलं आणि मन अडखळलं, तर वाद घालू नकोस. 'आपण आज दिलेल्या सूचनेप्रमाणे' असं दोन ओळींचं टिपण पाठवून पुष्टी माग — तोंडी आदेश मागाहून लेखी पक्का करून घ्यावा हे वर्तणूक नियमांतच आहे, त्यात आगाऊपणा नाही. टिपण पोचल्यावर पुष्कळ तोंडी सूचना आपसूक मागं घेतल्या जातात.

६. अडलेलं प्रकरण आलं की आधी कागदावर लिही: घडलं काय, नुकसान कुणाचं होईल, मुदत कधी संपते, निर्णय कुणाच्या अधिकारात आहे — अर्धी कोडी शेवटच्या ओळीपाशीच सुटतात, कारण निर्णय तुझा नसतोच. तुझं काम तो योग्य टेबलावर पूर्ण माहितीनिशी पोचवायचं असतं.

वारस नोंदीबद्दल मात्र मी थोडक्यात आवरणार नाही. तुझ्या नोकरीतला सगळ्यात कठीण पेपर तोच, आणि तो दर महिन्याला येतो.

बाप वारतो. दिवस झाल्यावर दोन भाऊ अर्ज घेऊन येतात. यादीत आई असते, भाऊ असतात; अंबडला नि शेवगावला दिलेल्या बहिणी नसतात. भाऊ म्हणतात, 'त्यांचं लग्नात सगळं केलंय, त्यांना काही नको.' बोलणारा माणूस सभ्य असतो, कदाचित तुझ्याच शाळेतला असतो, आणि बहिणीही फोनवर हसून 'राहू द्या' म्हणतील. इथं कुणी गुन्हेगार दिसत नाही, म्हणूनच हात सहज घसरतो. पण बापाच्या मिळकतीत मुलगी वारस आहे हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच सांगितलं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीनं बसवलं. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता यावर हा हक्क अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. कुणाला काय हवं-नको ते ठरवणं तुझ्याकडं नाही. वारस कोण कोण, एवढंच तुला लिहायचंय, आणि ते सगळे लिहायचेत.

७. वारसांची नावं आधी त्या माउलीला विचार, मग बहिणींशी स्वतः बोल, मग शेजारी नि पोलीस पाटलाकडून पडताळ — घरात जो सगळ्यात कमी बोलतो, तोच बहुधा सगळ्यात जास्त गमावतो.

८. बहिणीला हिस्सा खरोखर नको असेल तर तिनं दुय्यम निबंधकाकडं जाऊन हक्कसोडपत्र नोंदवावं, तुझ्या नोंदवहीत तिचं नाव गाळून ते होत नाही — सोडायला आधी हातात यावं लागतं. भाऊ रागावतील, रागावू दे, सणाला बोलतील.

९. फेरफाराची नोटीस निव्वळ सोपस्कार समजू नकोस — जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणं हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ज्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही, त्याच्यासाठी ते दिवस कधी सुरूच झालेले नसतात.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातली घरंच्या घरं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयता कुणाचा सांगलीकडं, कुणाचा कर्नाटकात. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आसपास. मधल्या काळात दाराला कुलूप, घरात फार तर म्हातारी आणि नातवंडं. कुलपावर डकवलेली नोटीस कायद्याच्या लेखी बजावली गेली तरी फडात पाचट ओढणाऱ्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही, आणि गावात राहिलेल्या भाऊबंदाला हे नेमकं ठाऊक असतं. नोव्हेंबरात अचानक फेरफाराचे अर्ज वाढले तर चष्मा पुसून वाच.

१०. सज्जातल्या ऊसतोड कुटुंबांचे मोबाइल नंबर आणि त्यांच्या मुकादमांचे नंबर दसऱ्याआधी एका वहीत उतरवून घे — नोटीस रीतसर बजावायचीच, पण जोडीला तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून तसं टिपणात लिहिलंस, तर पाडव्यानंतरचं भांडण दिवाळीतच मिटतं.

११. हरकत आली की तोंडी समजूत घालून अर्ज परत नेऊ देऊ नकोस. पोच दे, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घे — निकाल मंडळ अधिकाऱ्यांनी किंवा तहसीलदारांनी द्यायचाय. गोडीनं मिटवलेली हरकत दिवाणी कोर्टात तुझ्या नावानं उगवते.

१२. तुझ्या सोयऱ्याधायऱ्याचा फेरफार तुझ्याकडं आला तर त्याच दिवशी मंडळ अधिकाऱ्यांना लेखी कळव — काम बरोबर केलंस तरी लोक नात्याकडं बोट दाखवतील. आधीच कळवलंस तर त्यांना बोलायला काही राहत नाही.

पंचनाम्याचा विषय वेगळा. तिथं मोह पैशाचा नसतो, दयेचा असतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला तेव्हा कापूस काळा पडलेला तू पाहिलायस. सरकारी मदतीला तेहतीस टक्के नुकसानीची अट आहे. तीस टक्केवाला शेतकरी हात जोडून उभा राहतो आणि तुला वाटतं, पस्तीस लिहिलं तर कुणाचं काय जातं? जातं, पोरी. शेजारच्या बांधावरचाही मग तेच मागतो, गावाची यादी फुगते, वरून फेरतपासणी लागते, आणि ज्याची मातीच खरडून गेली त्याचे पैसे सगळ्यांबरोबर अडकतात.

१३. पंचनामा बांधावर उभं राहूनच कर, कृषी विभागाचा माणूस, ग्रामपंचायतीचा माणूस आणि शेतकरी हजर असताना — चावडीत बसून भरलेला आकडा कुणाच्या तरी बाजूचा असतो. टक्का ठरवताना आधी कृषीवाल्याचा अंदाज ऐक, मग तुझा सांग, आणि दोघांत अंतर असेल तर दोन्ही लिही.

१४. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात; उमापूर मंडळाच्या यंत्रानं कमी दाखवला आणि एखाद्या शिवारात ढग फुटला, तर आकड्याला हात लावू नकोस, त्या शिवाराचा वेगळा अहवाल फोटोंसह पाठव — खरी गोष्ट खोट्या आकड्यात घातली की खरीही खोटी ठरते.

१५. नियमात बसत नाही म्हणून 'नाही' म्हणावं लागलं, तर त्याच बैठकीत बसणारं काहीतरी शोधून दे: पीक विम्याची तक्रार, संजय गांधी निराधारचा अर्ज, जे लागू असेल ते — 'नाही' सांगावं, पण रस्ता दाखवून सांगावं. दयेला नियमात पुष्कळ जागा आहे, ती शोधायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला कळतं.

१६. चहा घे, पाकीट घेऊ नकोस. 'खुशीनं देतोय' म्हणाला तरी त्याच क्षणी, तिसऱ्या माणसादेखत, हसून परत कर — रात्रभर घरात राहिलेलं पाकीट परत करायला दुप्पट धीर लागतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, हे त्याला आपुलकीनं सांग. पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

१७. 'झिरो', म्हणजे हाताखाली बिनपगारी खासगी पोरगा, ठेवू नकोस, आणि डिजिटल सहीचा डोंगल नि पासवर्ड कुणाच्या हाती देऊ नकोस, तो पोरगा कितीही गुणी असला तरी — पगार नसलेला मदतनीस पोट तुझ्या नावावर भरतो. काम जास्त आहे म्हणून माणूस हवा असेल तर तशी मागणी लेखी कर.

१८. तुझ्यासमोर कुणी लाच मागितली आणि तुला गप्प बसवत नसेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर लाव. त्याआधी घडलेलं तारीखवार लिहून ठेव — रागात केलेला फोन विसकळीत होतो, वहीतून वाचलेली हकिगत उपयोगी पडते.

हे सगळं तलाठ्यापुरतं आहे असं समजू नकोस. तुझी चुलतबहीण नर्सिंगला आहे, तिलाही हा कागद वाचून दाखव. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आपल्या बीड जिल्ह्यातला आकडा आला: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. एवढ्या शस्त्रक्रिया एका माणसाच्या हातून होत नाहीत. प्रत्येकीच्या मागं केसपेपर असतो, संमतीची सही असते, ती घेणारं कुणीतरी असतं. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, तेव्हाही गर्भलिंगनिदान रोखायला सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचा कायदा होताच. फॉर्म भरणाऱ्या, अंगठा घेणाऱ्या, यादी लिहिणाऱ्या माणसांपैकी कुणी 'थांबा, मला हे समजावून सांगा' म्हणालं असतं तर काही बायकांचं तरी वाचलं असतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिच्यासाठी एक वेगळा मंत्र.

१९. संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी बाईला नवऱ्यापासून आणि मुकादमापासून बाजूला ने आणि काय होणार आहे ते तिच्याच शब्दांत तिच्याकडून वदवून घे — तिला सांगता आलं नाही, तर तिला कळलेलं नाही, आणि न कळलेली संमती संमती नव्हे.

उरलेलं तुझ्यासाठी.

२०. महिन्याची बैठक झाली की नव्या तलाठ्यांना घेऊन एक अडलेलं प्रकरण मांडत जा, नावं गाळून. आधी सगळ्यांत धाकट्याला बोलू दे — थोरला आधी बोलला की बाकीचे त्याच्याच मताचे होतात. आपण योग्य केलं असतं असं सगळे म्हणतील. मग विचार, 'फोन आमदारांच्या माणसाचा असता तर?' खरी शिकवणी तिथून सुरू होते.

२१. माहीत नसेल तर 'बघून शुक्रवारी सांगते' म्हण, आणि शुक्रवारी सांग — लोकांना अडाणीपणाची चीड येत नाही, हेलपाट्यांची येते.

२२. दप्तर रोज लाव. नगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिनांनी कचेरीची घडी बसवली, त्याला लोक अजून 'लखिना पॅटर्न' म्हणतात. कागद लावायची सहा गठ्ठ्यांची पद्धत कुण्या जुन्या कारकुनाकडून शिकून घे — ज्याला कागद सापडत नाही, त्याला मध्यस्थ सापडतो.

२३. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नकोस. चूक दिसली तर दुरुस्तीची रीत आहे, त्या रीतीनं कर — २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरं उघडली गेली. नाव-गावही न कळलेल्या कारकुनांच्या अक्षरावर आज माणसांचे जातीचे दाखले ठरतात, आणि तुझंही अक्षर कुणीतरी असंच उघडून पाहील.

२४. बदली झाली की चार्ज यादी घाईत उरकू नकोस: अपुरे फेरफार, आलेल्या हरकती, कुणाला कोणती तारीख दिलीय, आणि ती ऊसतोडवाल्यांच्या नंबरांची वही, सगळं लिहून दे आणि नव्या माणसाची सही घे. पहिल्या चार्ज यादीचा मसुदा मला आणून दाखव, मी घरीच असतो.