लाट ठरलेली, वारा बेभरवशाचा

हे सांताक्रूझ मुंबईचं नव्हे, कॅलिफोर्नियाचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, मॉन्टरे उपसागराच्या उत्तर टोकावर वसलेलं. गावाच्या पश्चिमेला दीपगृहाचा कडा समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या कडेनं जी लाट फुटत जाते तिला स्टीमर लेन म्हणतात. मामा या गावात मुरलेला आहे आणि फळी घेऊन या लाटेवर सर्फिंग करण्यातही. भाची मूळची वेंगुर्ल्याची, शिकायला सॅन होजेत आलेली. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, सातच्या सुमारास, दोघांत झालेलं हे बोलणं.

भाची : मामा, ॲपवर उद्या आठ फूट लाटा दाखवतायत. परवासुद्धा आठ फूटच होत्या, पण तू बघून परत चहा प्यायला बसलास. मग उद्यासाठी एवढी लगबग कशाला?

मामा : तू फुटांपुढचा आकडा वाचला नाहीस म्हणून असं वाटतं. परवा आठ फूट, आठ सेकंद होतं. उद्या आठ फूट, सतरा सेकंद आहे.

भाची : एका लाटेचा माथा गेल्यावर दुसऱ्या लाटेचा यायला लागणारा वेळ, एवढं मला ठाऊक आहे. पण उंची तर तेवढीच ना?

मामा : खोल समुद्रात लाटा मोजणारा तरंगता बोया असतो, त्याच्यापाशी तेवढीच. इथं कड्याखाली नाही. आठ सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण शंभर मीटर लांब असते, सतरा सेकंदांची साडेचारशे मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर आली की लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे पहिलीला पन्नास मीटर पाण्यात, दुसरीला सव्वादोनशे मीटरवरच. तिथून ती मंदावत येते. मागची ऊर्जा पुढं येतच असते, वेग घटला की ती उंचीत जाते. बाहेर आठ फूट दिसणारी ही लाट इथं बारा फुटांवरही उभी राहू शकते. परवाची जेमतेम आठाचीच राहिली, तीही विस्कटलेली.

भाची : आणि ती उद्याच येणार, हे एवढं खात्रीनं कसं सांगतोस?

मामा : ती निघालीये म्हणून. तीन दिवसांपूर्वी अल्युशियन बेटांच्या दक्षिणेला मोठं वादळ होतं. वारा कितीही जोरात असला तरी त्याला समुद्रावर लांबच लांब अंतर आणि पुरेसे तास मिळावे लागतात, तेव्हा अशी लाट तयार होते. एकदा झाली की वादळ राहो न राहो, ती चालत राहते. तिचा वेग काढायला कागदसुद्धा लागत नाही. सेकंदांची दीडपट कर, ताशी किती सागरी मैल ते मिळतं.

भाची : सतराची दीडपट साडेपंचवीस.

मामा : आता ही बघ बोयाची नोंद, ४६०५९ क्रमांकाची. अमेरिकी हवामान खात्याचा हा बोया आपल्यापासून पश्चिमेला साधारण पावणेचारशे सागरी मैलांवर आहे. दुपारी दोनला तिथं सतरा सेकंद दिसायला लागले. भाग देऊन बघ.

भाची : पंधरा तास. म्हणजे पहाटे पाच.

मामा : आणि पाचच्या आधी आपल्याजवळचा बोया, ४६०४२, तेच सांगेल. निजताना आणि उठल्यावर मी तेवढंच बघतो. अंदाज नंतर, बोया आधी. अंदाज हे गणित आहे, बोयावर लाट खरोखर येऊन गेलेली असते.

भाची : पण सगळीच्या सगळी सतरा सेकंदांचीच लाट का येते? वादळात तर लहानमोठ्या सगळ्याच असणार.

मामा : असतात. वाटेत वेगवेगळ्या होतात. वादळ अठराशे सागरी मैलांवर धर. वीस सेकंदांच्या लाटेला तिथून साठ तास लागतात, चौदाच्या लाटेला शहाऐंशी. म्हणजे लांब लाटा आधी पोचतात आणि आखूड लाटा दिवसभरानं. किनाऱ्यावर बसून सेकंद कसे उतरत जातात ते नोंदवलं, तर वादळ किती दूर होतं हे उलटं काढता येतं. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञानं हेच केलं. दुसऱ्या महायुद्धात त्यानं आणि हाराल्ड स्वेरड्रुपनं सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली. १९४४ च्या नॉर्मंडीच्या मोहिमेत ती वापरली गेली. पुढं मेक्सिकोजवळच्या ग्वादलूप बेटापाशी पाण्याखाली यंत्रं ठेवून त्यानं लाटा मोजल्या, तर काही लाटांचं मूळ हिंदी महासागरात निघालं.

भाची : आपल्या हिंदी महासागरात?

मामा : त्याच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला. तिथलीच वादळं आपल्या किनाऱ्यालाही लाटा पाठवतात. वेंगुर्ल्याला आभाळ निरभ्र, वाऱ्याचं नाव नाही, आणि तरी समुद्र खवळलेला, असं तू पाहिलं असशील. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते. होड्या वर ओढून ठेवा असं सांगतात, तेव्हा लोकांनी आभाळाकडे बघून ते झटकून टाकू नये, असं मला फार वाटतं. संकट आपल्या आभाळातून यायचंच नसतं.

भाची : बरं, लाट पाचला पोचली. पण वादळ वायव्येला आणि स्टीमर लेनचा किनारा तर दक्षिणेकडे तोंड करून आहे. लाट शिरते कुठून?

मामा : वळून. लाटेचं जे टोक कड्याच्या बाजूला उथळ पाण्यात असतं ते मंदावतं, बाहेरचं खोल पाण्यात असल्यामुळं जोरात चालतं. शाळेच्या कवायतीत रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा टांगा टाकतो ना, तसंच. त्यामुळं लाट कड्याला वळसा घालते. तिची सगळी लांबी एकदम फुटत नाही. टोकाशी आधी फुटते आणि मग फुटत फुटत कॉवेल्सच्या पुळणीकडे सरकते. फळीवरचा माणूस त्या फुटत्या कडेच्या पुढं पुढं राहतो. सरळ किनाऱ्यावर लाट आडवी कोसळते आणि संपते, तिथं हे मिळत नाही.

भाची : म्हणजे कुठल्याही दिशेची लाट वळून येते?

मामा : नाही, आणि इथंच ॲप फसवतं. नकाशात दिशा अंशांत असते. २७०, २८० अंश म्हणजे पश्चिमेकडून, ती जवळजवळ थेट येते. उद्याची ३०० अंशांवरून आहे, पण सतरा सेकंदांची असल्यामुळं तिला तळ लवकर लागतो आणि ती भरपूर वळते. हीच जर ३२० अंशांवरून नऊ सेकंदांनी आली असती, तर उत्तरेच्या किनाऱ्यानंच अडवली असती. बोयावर आठ फूट आणि इथं गुडघाभर, असंही होतं.

भाची : मग उद्या सगळं जुळतंय की.

मामा : लाटेचं जुळतंय. वाऱ्याचं मला सांगता येत नाही. लाट तीन-चार दिवस आधी सांगता येते, वारा मात्र त्याच दिवसाचा आणि इथलाच. आपल्याकडे पहाटे मतलई वारा सुटतो आणि दुपारी खारा वारा. इथंही पहाटे डोंगराकडून समुद्राकडे वारा असतो. तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला पडू देत नाही, पाणी साफ ठेवतो. समुद्राकडून आला की लाटेला मागून ढकलतो, ती अवेळी कोसळते आणि पाण्यावर नुसती खळबळ.

भाची : म्हणजे दुपारनंतर सगळीकडे खराबच.

मामा : कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी. स्टीमर लेनचं भाग्य असं की इथला नेहमीचा दुपारचा वारा वायव्येचा आणि किनाऱ्याचं तोंड दक्षिणेला. त्यामुळं तो वारा जमिनीवरून येतो. शिवाय बाहेर केल्प या समुद्री शेवाळाचं रान आहे. त्याची पानं पाण्यावर पसरलेली असतात, ती बारीक लाटा मारून टाकतात. इथलं पाणी बिघडवतो तो दक्षिणेचा वारा. आणि उद्या नेमका तोच येणार आहे.

भाची : त्या अल्युशियनच्या वादळाबरोबर?

मामा : नाही, हे दुसरं, जवळचं. त्याची आघाडी आत्ता अंदाजे सहाशे किलोमीटरवर आहे. आघाडीच्या पुढं इथं दक्षिणेचा वारा वाहतो. ती ताशी चाळीस किलोमीटरनं सरकली तर पंधरा तासांत इथं, म्हणजे सकाळी दहाला. तीसनं सरकली तर वीस तास, दुपारी तीनला. ताशी दहा किलोमीटरच्या फरकानं अख्खी सकाळ मिळते किंवा जाते. ॲपवर नऊ ते बारा हिरवी पट्टी दाखवतात. मी त्या रंगावर काडीचा विश्वास ठेवत नाही. चार वेगळ्या गोष्टी एका रंगात कालवल्या की त्यातली कुठली कच्ची आहे हे कळतच नाही.

भाची : चौथी कुठली? भरती-ओहोटी?

मामा : हो. उद्या तिथी कुठली?

भाची : अष्टमी. पाऊणपट केली की सहा. आमच्याकडे सहाला भरती.

मामा : तुझ्या आजोबांनी शिकवलेलं विसरली नाहीस. इथं ते गणित लागू पडत नाही. वेळ निराळी, शिवाय दिवसाच्या दोन भरत्यांची उंची बहुतेकदा सारखी नसते. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला सकाळी मोठी भरती येते आणि दुपारी समुद्र पार आत जातो. भरतीला पाणी कड्याच्या पायथ्याला भिडतं आणि आपटून उलट फिरतं. ती परतीची लाट येणाऱ्या लाटेत घुसते आणि सगळं विसकटतं. अष्टमीला मात्र भांग असते, चढउतार कमी. उद्या सकाळी पाणी उतरत जाईल, दहाच्या आसपास सगळ्यांत खाली. आपल्याला हवं तेच.

भाची : मग उजाडताच उतरायचं आणि वारा फिरायच्या आत बाहेर यायचं. मीही टोकाशी येऊ का?

मामा : नाही. तू कॉवेल्सला. तिथं पोचेपर्यंत लाट मऊ होते, उभं राहायला वेळ मिळतो. टोकाशी एका बाजूला कडा आहे, खाली खडक आहेत. फळी हातातून सुटली तर तुलाच नव्हे, मागच्यालाही लागते. आणि तो आठ फूट आकडा म्हणजे काय, ते नीट समजून घे. सगळ्यांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. एखादी लाट त्याच्या दुपटीच्या जवळपास असू शकते. सतरा सेकंदांच्या लाटा टोळीनं येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटं समुद्र शांत. लोक त्या शांततेला भुलून खडकावर फोटो काढायला उतरतात. म्हणून पाण्याजवळ जाण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघायचं. मी कुणालाही घेऊन गेलो तरी आधी वीस मिनिटं कठड्यापाशी उभं करतो.

भाची : धक्का तुटला तो अशाच दिवशी?

मामा : २३ डिसेंबर २०२४. १९१४ सालचा लाकडी धक्का, त्याच्या टोकाचं दुरुस्तीचं काम चालू होतं. मोठ्या लाटांत ते टोकच तुटून वाहून गेलं. तीन माणसं पाण्यात पडली, तिघंही वाचली. स्वच्छतागृहाची इमारत तरंगत सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी जाऊन लागली. लाटांचे इशारे आधीच दिलेले होते. अंदाज फक्त फळीवाल्यांनी वाचायची गोष्ट आहे असं मानू नये, ते यासाठी.

भाची : त्याच नदीच्या मुखाशी हवाईचे राजपुत्र लाटांवर खेळले होते ना?

मामा : १८८५ साली, तिघं भाऊ. शिकायला सॅन मटेओला होते. रेडवूडच्या फळ्या इथंच कापून घेतल्या होत्या त्यांनी. दीपगृहात सर्फिंगचं संग्रहालय आहे, १९८६ पासून, तिथं हा इतिहास बघता येतो. एकदा निवांत जाऊ. त्यांच्या अंगावर रबरी सूट नव्हता एवढं ध्यानात ठेव. आता पाणी बारा अंशांच्या आसपास असेल. ओनील कंपनीचा जाड सूट खुंटीला आहे, टोपीसकट घाल.

भाची : आणि वारा फिरायला लागला हे पाण्यात असताना कळणार कसं?

मामा : धक्क्यावरच्या झेंड्यांकडे बघत राहा. सकाळी ते समुद्राकडे फडकत असतील. आधी लुळे पडतील. मग बाहेर दक्षिणेला पाण्यावर काळपट ओरखडे दिसायला लागतील, ते आत सरकत येतात. ओरखडे केल्पच्या रानापर्यंत आले की पुढची लाट धरायची आणि तिच्यावरूनच बाहेर यायचं. आणखी एक, असं म्हणत थांबायचं नाही.

भाची : सहाला उठलो आणि झेंडे आधीच उलटे असले तर?

मामा : तर उद्या पाण्यात उतरायचं नाही. आघाडी गेली की वारा वायव्येला फिरतो, म्हणजे परवा तो पुन्हा जमिनीवरून येईल आणि लाट तेव्हाही चौदा सेकंदांची असेल. फक्त उद्या पाऊस किती पडतो ते बघावं लागेल. जोरदार पडला, तर नदीचं घाण पाणी कॉवेल्सकडे पसरतं आणि आरोग्य खातं तीन दिवस पाण्यापासून दूर राहायला सांगतं. तसं झालं तर पुढच्या शनिवारी ये. तोवर रोज रात्री दोन्ही बोयांचे आकडे वहीत लिहून ठेव, आणि कुठली लाट कधी पोचेल ते मला फोनवर सांग.