रथ फार भारी पडतात?

प्रश्न : आम्ही मित्र टेबलावर छोट्या सैनिकांच्या प्राचीन लढाया खेळतो. ज्याच्याकडे रथ जास्त, तोच दरवेळी जिंकतो. घरचे नियम कसे करावेत?
– एक वाचक, डोंगरकडा (जि. हिंगोली)

उत्तर : आधी रथांची संख्या आवरा. महाभारतातल्या सैन्यगणनेत ‘पत्ती’ या सर्वांत लहान तुकडीत १ रथ, १ हत्ती, ३ घोडेस्वार आणि ५ पायदळ असतात. हेच प्रमाण दोन्ही बाजूंना लावा.

मग जमीन. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलम नदीकाठी अलेक्झांडरशी लढताना पोरस राजाचे रथ पावसाने भिजलेल्या मातीत रुतले. रोमन इतिहासकार कर्टियस त्या रथांना प्रत्येकी चार घोडे आणि सहा माणसे सांगतो. पावसाळ्यात काळ्या रानात भरलेली बैलगाडी घालून बघा, म्हणजे कळेल! डावाआधी फासा टाका. १ किंवा २ पडला तर जमीन ओली, रथाची चाल निम्मी. झाडी, नाला, दगडधोंडे यांत रथाला मज्जावच.

वळतानाही चाल निम्मी धरा. सारथी पडला तर रथ एक पाळी जागीच उभा.

पायदळालाही उपाय द्या. इ. स. पू. ३३१ मध्ये गौगमेला इथे अलेक्झांडरच्या सैनिकांनी रांगा उघडून इराणी सम्राट दारियसच्या पातीवाल्या रथांना वाट करून दिली. तुमच्याकडे कसलेल्या पायदळाला फाशावर ४ किंवा जास्त पडले, तर रथ इजा न करता पलीकडे जाईल.

सगळे नियम एकदम आणू नका. आधी प्रमाण आणि चिखल आजमावा. तरीही रथच जिंकत राहिले, तर बाकीचे घ्या.