मोबाइलवरचे कॉलेज आणि हुकलेली ओळखपाळख

छातीत धडधड, झोप न लागणे, पोटात गोळा येणे, चारचौघांत बोलताना तळहाताला घाम सुटणे. अशा तक्रारी घेऊन विशीतली मुले-मुली दवाखान्यात येतात. हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावे, जरूर वाटल्यास कार्डिओग्राम काढावा. पुष्कळदा सारे रिपोर्ट चांगले येतात. मग मी विचारतो, "कॉलेजात पहिल्या वर्षाला कधी होतास?" कित्येकांचे उत्तर असते, २०२० साली.

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाविद्यालये महाराष्ट्रात नीट सुरू व्हायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडले. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा काही दिवस बंद झाली. त्या मुलांचे पहिले वर्ष जवळजवळ सगळे मोबाइलवर गेले.

पालक म्हणतात, "पण डॉक्टर, मित्र फोनवर होतेच की!" खरे आहे. शाळेतले दोन-चार जिवलग टिकले, काहींची मैत्री तर अधिकच घट्ट झाली. हुकली ती ओळखपाळख. शेजारच्या बाकावरचा मुलगा, एसटीत रोज दिसणारी मुलगी, झेरॉक्सच्या दुकानात नोट्स मागणारा कोणी. पुढचे मित्र यांच्यातूनच होतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवले होते, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अशा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अनेकदा मिळते.

मैत्री ठरवून होत नाही. ती तास सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत, चहाच्या टपरीवर होते. ऑनलाइन वर्गात ती पाच मिनिटेच नव्हती. लिंक उघडली, हजेरी लागली, नेटपॅक वाचावा म्हणून कॅमेरा बंद, सरांचा आवाज, की लिंक बंद. शिवाय समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपले की साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दुसरा बोलू लागतो. नेटवर्क तेवढे अंतर पाळत नाही. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम गप्प होतात. असे चार वेळा झाले की मुलगा तोंड उघडणेच सोडतो.

बोलणे ही सवयीची गोष्ट आहे. प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो, तो काही आळशी नसतो. म्हणून "हा घुम्या आहे, माणूसघाणा आहे" असे पाहुण्यांसमोर बोलू नये, ही पालकांना माझी कळकळीची विनंती. लग्नसमारंभात ढकलूनही उपयोग होत नाही, धडधड उलट वाढते.

सुरुवात लहान करावी. आठवड्यातून दोनदा एकाच वेळी त्याच वाचनालयात किंवा व्यायामशाळेत जावे, म्हणजे तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. अजून शिकत असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर चुकवू नका. एकत्र भाकरी भाजताना बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. नोकरीत असाल तर डबा सहकाऱ्यांसोबत खा. पहिले काही दिवस धडधड होईल. ती धोक्याची नसते, हळूहळू कमी होते. झोपेच्या गोळ्या मात्र मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कॉलेज किंवा नोकरी टाळावीशी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.